घर सजवणारे हात

कुणाच्या नव्या घरी आपण गेलो की चार गोष्टी हमखास विचारतो. पडदे कुठून आणले? खुर्च्या केवढ्याला पडल्या? हा रंग कुठल्या कंपनीचा? यजमानही मोठ्या हौसेने सांगतात. पण ही खुर्ची कोणी केली, त्याला त्या कामाचे काय मिळाले, आणि ती करताना त्याचे मन कामात रमले होते की तो नुसता पाट्या टाकीत होता, असे काही आपण विचारत नाही. विचारले तर यजमान गोंधळात पडतील. हा प्रश्न मात्र नवा नाही. शे-दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंडात काही माणसांनी तो मोठ्या आग्रहाने विचारला. नुसता विचारून ती थांबली नाहीत. हातात रंगाची भांडी, सुई, माग आणि हातोडी घेऊन त्यांनी त्याचे उत्तर शोधू पाहिले. त्यात त्यांना यश किती आले आणि ती अडली कुठे, याची हकीकत आज सांगायची आहे.

गोष्ट सुरू होते ती १८५१ सालच्या लंडनपासून. त्या वर्षी हाइड पार्कमध्ये काचेचा एक प्रचंड महाल उभा राहिला आणि त्यात साऱ्या जगाच्या कारागिरीचे प्रदर्शन भरले. इंग्लंड तेव्हा कारखानदारीच्या शिखरावर होते. यंत्रातून गालिचे निघत होते, भिंतींवर चिकटवायचे नक्षीचे कागद निघत होते, आणि कोरीव लाकडाचा भास आणणारा लगदाही साच्यातून निघत होता. मध्यमवर्गीयांच्या हाती पैसा खेळू लागला होता, त्यामुळे दिवाणखाने सामानाने खच्चून भरले. पण त्या सामानाचा एक गुण असा, की ते जे नाही ते असल्याचे सोंग घेई. कागद संगमरवराचे सोंग घेई, लोखंड लाकडाचे घेई. आणि हे सगळे करणारा मजूर? तो दिवसभर एकच दांडा ओढत राही. नक्षी दुसऱ्याच कुणीतरी काढलेली असे. काय तयार होते आहे, याच्याशी मजुराला कर्तव्य नसे.

या अवस्थेवर पहिला जोरदार घाव घातला तो जॉन रस्किन या लेखकाने. १८५३ साली व्हेनिसच्या इमारतींवरील आपल्या ग्रंथात त्याने गॉथिक शिल्पाविषयी एक प्रकरण लिहिले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : जुन्या मंदिरावरचे कोरीवकाम ओबडधोबड असले तरी ते करणाऱ्या पाथरवटाला स्वतःचे डोके वापरायची मुभा होती, उलट यंत्रासारखी सफाई माणसाकडून मागितली की आपण त्याचा गुलाम करतो. वस्तू चांगली की वाईट हे पाहताना ती करणाऱ्याची स्थितीही पाहा, असा हा उपदेश होता. ऑक्सफर्डमध्ये शिकणाऱ्या एका धष्टपुष्ट, कुरळ्या केसांच्या, तापट तरुणाने ते प्रकरण वाचले आणि त्याच्या आयुष्याला दिशा मिळाली. त्याचे नाव विल्यम मॉरिस.

मॉरिस १८३४ साली जन्मला. वडील लंडनमधले सावकारी पेढीवाले. डेव्हनशायरातील तांब्याच्या खाणीचे शेअर घेऊन ते गब्बर झाले होते. या खाणीची आठवण ठेवा, पुढे तिचे काम आहे. ऑक्सफर्डला मॉरिस धर्मोपदेशक व्हायच्या विचाराने गेला आणि बाहेर पडला तो कलेच्या नादाने. १८५६ साली काही महिने तो एका वास्तुशिल्पज्ञाच्या कचेरीत उमेदवारी करीत होता. तिथे त्याला फिलिप वेब हा जन्माचा मित्र भेटला. एडवर्ड बर्न-जोन्स हा चित्रकार मित्र तर ऑक्सफर्डपासूनचाच. लंडनच्या रेड लायन चौकात बर्न-जोन्स आणि मॉरिस यांनी बिऱ्हाड केले. खोल्या रिकाम्या होत्या. पण बाजारात जे फर्निचर मिळे ते या दोघांना बघवेना. तेव्हा मॉरिसने स्वतः आराखडे काढले आणि सुताराकडून दणकट टेबल, अवाढव्य खुर्च्या नि उंच पाठीचा एक बाक करवून घेतला. रॉसेटी या चित्रकार मित्राने त्यांवर चित्रे रंगवली. बाक इतका मोठा झाला म्हणता, की खोलीतली निम्मी जागा त्यानेच खाल्ली!

१८५९ साली मॉरिसने जेन बर्डन हिच्याशी लग्न केले. ही ऑक्सफर्डच्या एका मोतद्दाराची मुलगी. नव्या संसारासाठी घर हवे होते. वेबने केंट परगण्यात, बेक्सलीहीथ इथे, ते बांधून दिले. साधी लाल वीट, उतरते छप्पर, वर गिलाव्याचे सोंग नाही. म्हणून नावच पडले ‘रेड हाऊस’. १८६० साली मंडळी राहायला आली आणि मग सुरू झाली खरी मौज. शनिवार-रविवारी मित्र लंडनहून यायचे, बागेत सफरचंदे एकमेकांना फेकून मारायचे आणि उरलेल्या वेळात भिंती नि छत रंगवायचे. बर्न-जोन्सने दिवाणखान्याच्या भिंतीवर चित्रे काढली. वेबने टेबले, मेणबत्त्यांची घरे, पाणी प्यायचे पेले यांचे आराखडे केले. जेनला लंडनच्या एका दुकानात निळ्या लोकरी सर्जाचे स्वस्त कापड सापडले. तिने आणि मॉरिसने त्यावर डेझीच्या फुलांचे झुबके भरले आणि शयनगृहाच्या भिंतीला ते पडदे लावले. ते पडदे अजून टिकून आहेत. बारकाईने पाहिले तर टाके अगदी सरळ, नवशिक्यालाही जमतील असे आहेत.

या खेळातूनच धंद्याची कल्पना निघाली. एका घराला आपण इतके करू शकतो, तर दुसऱ्यांच्या घरांना का नाही? १८६१ च्या एप्रिलमध्ये ‘मॉरिस, मार्शल, फॉक्नर आणि कंपनी’ स्थापन झाली. भागीदार सात : मॉरिस, बर्न-जोन्स, रॉसेटी, फोर्ड मॅडॉक्स ब्राउन, वेब, मार्शल नावाचा एक इंजिनिअर आणि फॉक्नर नावाचा एक गणिती. प्रत्येकाचा भाग एकेक पौंडाचा. शिवाय मॉरिसच्या आईने शंभर पौंड उसने दिले. एवढ्या भांडवलावर रंगीत काचा, भित्तिचित्रे, भरतकाम, फर्निचर, चिनीमातीच्या लाद्या असे सगळे काही करून देऊ, अशी जाहिरात त्यांनी काढली. हाताखाली घेतलेली काही पोरे अनाथ मुलांच्या उद्योगगृहातून आणलेली होती. १८६२ च्या लंडन प्रदर्शनात मंडळींनी माल मांडला आणि पदके मिळवली. पुढे साऊथ केन्सिंग्टन म्युझियमने आपले एक उपाहारगृह त्यांच्याकडून सजवून घेतले. हिरव्या रंगाची ती खोली आजही तिथे पाहायला मिळते.

मॉरिसचे नाव लोकांच्या ओठी राहिले ते मुख्यतः भिंतीच्या कागदांमुळे. पहिला आराखडा त्याने १८६२ साली केला : रेड हाऊसच्या बागेतल्या लाकडी जाळीवर चढलेल्या गुलाबाचा. त्यातले पक्षी काढले वेबने, कारण मॉरिसला पक्षी मनासारखे जमेनात. आधी त्यांनी जस्ताच्या पत्र्यांवरून स्वतःच छपाई करून पाहिली, पण जमले नाही. मग ते काम इझ्लिंग्टनच्या एका जुन्या छापखान्याकडे गेले. तिथे लाकडी ठशांनी हाताने छपाई होई. आपल्याकडच्या छिप्यांचेच काम म्हणा ना. फक्त कापडाऐवजी कागद. प्रत्येक रंगाला निराळा ठसा. एक रंग वाळल्याशिवाय दुसरा देता येत नाही. आणि ठसा सुताइतका जरी सरकला तरी पाने एकीकडे नि देठ दुसरीकडे. मॉरिसने नक्षी अशी बेतली, की पुनरावृत्ती असूनही डोळ्याला ती चटकन सापडू नये. वेल वाढत चालली आहे असेच वाटावे.

आता त्या खाणीकडे वळू. डेव्हनशायरच्या खाणीतले तांबे संपत आले, तेव्हा मालकांनी त्याच दगडातून सोमल काढायला सुरुवात केली. आणि १८७० च्या सुमारास ती खाण जगातल्या मोठ्या सोमल-उत्पादकांत गणली जाऊ लागली. मॉरिस तिचा भागधारक तर होताच, पण १८७१ पासून १८७५ पर्यंत संचालकही होता. त्या काळी उजळ हिरवा रंग सोमलापासून करीत. २००३ साली मॉरिसच्या जाळी-गुलाबाच्या कागदाचा एक जुना नमुना प्रयोगशाळेत तपासला गेला, तेव्हा त्यातल्या हिरव्यात सोमल निघाले. हिरव्या कागदांनी माणसे आजारी पडतात, अशी ओरड त्या काळीही होती. लोकांच्या भीतीमुळे पुढे निर्धोक रंग वापरात आले. मॉरिसला मात्र ती भीती पटलेली नव्हती. १८८५ सालच्या एका पत्रात त्याने ती डॉक्टरांनी उठवलेली आवई ठरवली. कारागिराच्या सुखाचा एवढा कैवारी, पण सोमल खणणाऱ्या मजुराकडे त्याचे लक्ष वेळेवर गेले नाही. १८७५ साली त्याने संचालकपद सोडले आणि त्या पदाची खूण म्हणून वापरत असलेल्या उंच टोपीवर तो मुद्दाम बसला, असे त्याचे चरित्रकार सांगतात. तो राग कचेरीतल्या जिण्यावरचा होता. खाणकामगारांच्या हालांवरचा नव्हे.

या कंपनीत स्त्रियांचा हात किती होता, हे फार दिवस झाकून राहिले. फॉक्नरच्या बहिणी केट आणि लूसी लाद्या रंगवीत. केटने भिंतीच्या कागदांच्या नक्ष्याही केल्या. जेन आणि तिची बहीण भरतकामाची बाजू सांभाळीत. मॉरिसची धाकटी मुलगी मे ही तर वयाच्या तेविसाव्या वर्षी, १८८५ साली, कंपनीच्या भरतकाम खात्याची प्रमुख झाली. तिचा १८८३ सालचा ‘हनीसकल’ नावाचा कागद कित्येक वर्षे बापाच्याच नावावर खपत होता. कारागिरांचे एक मोठे मंडळ लंडनमध्ये १८८४ साली निघाले, पण त्यात बायकांना मज्जाव. तेव्हा १९०७ साली मेने पुढाकार घेऊन स्त्रियांचे स्वतंत्र मंडळ काढले. पुरुषांच्या मंडळाची दारे उघडायला मात्र १९६० चे दशक उजाडावे लागले! करणाऱ्याला मान द्या, असे सांगणाऱ्या मंडळींच्या घरातली ही गोष्ट.

१८७५ साली भागीदारी मोडली. थोडे रुसवे-फुगवे झाले, काही भागीदारांना भरपाई द्यावी लागली, आणि कंपनी एकट्या मॉरिसची झाली. याच सुमारास तो रंगांच्या मागे लागला. १८५६ साली पर्किन नावाच्या तरुणाने डांबरापासून जांभळा रंग काढला होता आणि त्यानंतर असे रासायनिक रंग बाजारात भराभर आले. ते स्वस्त आणि भडक. पण उन्हात विटत, आणि विटताना ओंगळ दिसत. मॉरिसला झाडापाल्याचे जुने रंग हवे होते, पण ते करणारे इंग्लंडात जवळजवळ उरले नव्हते. तो जुन्या पोथ्या चाळू लागला आणि स्टॅफर्डशायरातल्या लीक गावी टॉमस वॉर्डल या रंगाऱ्याकडे जाऊन स्वतः निळीच्या हौदात हात बुडवू लागला. घरी परतला की हात कोपरापर्यंत निळे! तो वॉर्डलला पत्रावर पत्र लिही : हा लाल चालणार नाही, तो पिवळा पुन्हा करून पाहा.

हा वॉर्डल हिंदुस्थानशी चांगला परिचित होता. आपल्याकडच्या टसर रेशमावर पक्का रंग चढत नाही अशी तक्रार असे. तो चढवण्याची युक्ती त्याने शोधली आणि रेशमाच्या अभ्यासासाठी १८८५-८६ साली तो बंगालमध्ये येऊन गेला. नीळ तर हिंदुस्थानातून येणारीच वस्तू. ज्या निळीने मॉरिसचे हात रंगले, त्याच पिकापायी बंगालमधल्या रयतेने १८५९-६० साली मळेवाल्यांविरुद्ध बंड केले होते आणि पुढे १९१७ साली चंपारण्य गाजले, हे आपण विसरू शकत नाही. लंडनमधल्या कारागिराच्या आनंदाला दूरदेशीच्या शेतकऱ्याच्या सक्तीचा असा धागा जोडलेला होता.

१८८१ साली मॉरिसने लंडनजवळ मर्टन ॲबी येथे, वँडल नदीच्या काठी, एक जुना कारखाना घेतला. तिथे रंगकाम, ठशांची छपाई, गालिचे आणि भिंतीवरच्या विणीव पडद्यांचे माग सगळे एका आवारात आले. तिथलेच एक कापड फार प्रसिद्ध झाले, ‘स्ट्रॉबेरी थीफ’. मॉरिसच्या खेड्यातल्या घरी बागेत पक्षी स्ट्रॉबेरी चोरून खात, त्यांचे ते चित्र. १८८३ साली छापले. त्याची कृती ऐकण्यासारखी आहे. आधी सगळे कापड निळीत बुडवून गडद निळे करायचे. मग ठशांनी रंग उडवणारे द्रव्य लावून, जिथे नक्षी हवी तिथला निळा काढून टाकायचा. त्या उघड्या जागी मग लाल आणि पिवळा भरायचा. प्रत्येक पायरीनंतर धुणे, वाळवणे. एकेका कापडाला कित्येक दिवस लागत. कापड सुती खरे. पण किंमत अशी, की सामान्य गिऱ्हाइकाने लांबूनच पाहावे.

आणि इथेच या सगळ्या प्रकरणाची खरी मेख आहे. मॉरिस सुतारापासून रंगाऱ्यापर्यंत सगळी कामे स्वतः शिकला. १८७९ साली त्याने निजायच्या खोलीत माग लावला आणि पहाटे उठून एकट्याने एक विणीव पडदा पुरा केला. त्याला लागलेले तास त्याने वहीत टिपून ठेवले होते, ते भरले पाचशेच्या वर. आता मला सांगा, पाचशे तासांची योग्य मजुरी द्यायची म्हटली तर तो पडदा घेणार कोण? १८८० साली बर्मिंगहॅमच्या एका व्याख्यानात त्याने लोकांना सांगितले, की ज्याचा उपयोग नाही आणि जे सुंदरही वाटत नाही असे काही घरात ठेवूच नका. उपदेश उत्तम. पण त्याच्या स्वतःच्या दुकानातून माल नेणारे बहुतेक कारखानदार, पेढीवाले आणि सरदार असत. श्रीमंतांचे चोचले पुरवण्यात आपला जन्म चालला आहे, ही टोचणी त्याला लागून राहिली. १८८३ साली तो समाजवाद्यांत सामील झाला, लंडनच्या नाक्यानाक्यावर भाषणे देऊ लागला. त्याच्या लेखी हे वेडाचे झटके नव्हते. चांगली वस्तू सगळ्यांना परवडत नाही, याचा दोष वस्तूत नसून समाजाच्या रचनेत आहे, अशा निष्कर्षाला तो आला होता. १८९६ साली तो वारला, तोवर त्याचे दुकान मात्र श्रीमंतांच्या गिऱ्हाइकीवरच चालले होते.

त्याच्यामागे जी तरुण मंडळी आली त्यांनी एक महत्त्वाची गोष्ट केली. १८८७ साली ‘आर्ट्‌स अँड क्राफ्ट्‌स’ प्रदर्शन-मंडळ स्थापन झाले आणि १८८८ साली त्यांचे पहिले प्रदर्शन भरले. त्याच्या सूचीत आराखडा काढणाऱ्याच्या नावाबरोबर वस्तू प्रत्यक्ष करणाऱ्या कारागिराचेही नाव छापायचे, असे त्यांनी ठरवले. आपल्याला ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. पण कपाट अमुक कंपनीचे, एवढेच ज्यांना ठाऊक होते त्यांना पहिल्यांदा कळले की ते करणाऱ्या सुताराला नाव आहे.

नाव मिळाले, पोट भरले का? दोघांची उदाहरणे पाहा. मॉरिसचा मित्र विल्यम डी मॉर्गन हा लाद्यांचा किमयागार. चिनीमातीवर सोन्या-तांब्याची झळाळी आणण्याची जुनी विद्या त्याने प्रयोग करकरून पुन्हा हस्तगत केली. त्या नादात लंडनमधल्या राहत्या घराचे छप्परच एकदा भट्टीने पेटवले होते! निळ्या-हिरव्या रंगांत पोहणारे मासे, गलबते, मोर अशा त्याच्या लाद्या न्हाणीघरांत आणि चुलाण्यांभोवती बसल्या. पण हिशेबाच्या वहीशी त्याचे कधी जमले नाही. त्याच्या चित्रकार बायकोचाही पैसा त्यात गेला आणि १९०७ साली कारखाना बंद झाला. गंमत अशी, की १९०६ साली, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, त्याने पहिली कादंबरी छापली, ती धडाक्याने खपली, आणि आयुष्यभर भट्टीने जे दिले नाही ते लेखणीने दिले.

दुसरा चार्ल्स ॲशबी. १८८८ साली लंडनच्या गरीब वस्तीत, जेमतेम पन्नास पौंडांच्या भांडवलावर, त्याने कारागिरांची एक संस्था काढली. फर्निचर, चांदीची भांडी, लोहारकाम, दागिने असे सगळे तिथे होई. कारागीर नोकर नव्हते, संस्थेचे सभासद होते, आणि कारभारात त्यांचा आवाज होता. १९०२ साली ॲशबीने सगळ्यांचे मत घेऊन संस्था खेड्यात, कॉट्‌सवोल्डमधल्या चिपिंग कॅम्डन गावी हलवली. बायकामुलांसह सुमारे दीडशे माणसे लंडन सोडून गेली. सहा वर्षांत संस्थेचे दिवाळे निघाले. कारणे सरळ होती. लंडनच्या बड्या दुकानांनी त्याच धाटणीची भांडी यंत्रावर काढून स्वस्तात विकली. हौशी बायाबापड्यांनी फावल्या वेळात केलेले दागिने मजुरी न धरता विकले. आणि शहरात काम कमी पडले तर कारागीर तात्पुरता दुसरीकडे जाऊ शके. खेड्यात जाणार कुठे? तरी सगळेच विझले नाही. गावातल्या ज्या जुन्या रेशीमगिरणीत ही मंडळी बसत, तिथे हार्ट घराण्याने चांदीकाम पुढे चालवले. ते एकविसाव्या शतकापर्यंत टिकले.

या साऱ्याचा आपल्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. मुंबईपुरते बोलायचे तर तो घरोब्याचा आहे. बर्न-जोन्सची मेहुणी ॲलिस आणि तिचा नवरा जॉन लॉकवुड किपलिंग १८६५ साली मुंबईत आले. किपलिंग जे. जे. कलाशाळेत शिल्पकाम शिकवू लागला. क्रॉफर्ड मार्केटच्या, म्हणजे आताच्या महात्मा फुले मंडईच्या, दर्शनी कमानींतली शेतकऱ्यांची शिल्पे त्याचीच. हिंदुस्थानी कारागिराला विलायती नमुने गिरवायला लावू नका, त्याची हातोटी त्याला राखू द्या, असे मत पुढे त्याने आग्रहाने मांडले. सुतार, विणकर, रंगारी कामात गढलेले असतानाची त्याची रेखाटने लंडनच्या संग्रहालयात आहेत.

दुसरा दुवा आनंद कुमारस्वामींचा. त्यांचे वडील सिलोनमधले तमिळ आणि आई इंग्रज. चिपिंग कॅम्डनजवळ ॲशबीने दुरुस्त केलेल्या एका जुन्या प्रार्थनागृहात ते राहत. मॉरिसने ज्या यंत्रावर आपली पुस्तके छापली, त्याच यंत्रावर त्यांनी १९०८ साली सिंहली कलेवरचा आपला ग्रंथ छापून घेतला. १९०९ साली त्यांचे हिंदी कारागिरावरचे पुस्तक निघाले, त्याला प्रस्तावना ॲशबीची. स्वदेशीची चळवळ तेव्हा भरात होती. नुसता देशी कारखान्यातला माल घेतला म्हणजे स्वदेशी झाली असे नव्हे. घरात देशी कारागिराच्या हातचे काम हवे, असा त्यांचा आग्रह होता.

कुमारस्वामींनी आपल्या खेड्यातल्या कारागिराचे मोठे गोड चित्र काढले : गावाने त्याला पोसावे, त्याने गावाची गरज भागवावी. महाराष्ट्रातल्या माणसाला त्यात बलुतेदारी ओळखू येईल. सुताराला, लोहाराला, कुंभाराला सुगीच्या वेळी धान्याचा वाटा मिळे, उपाशी मरायची पाळी सहसा येत नसे, हे खरे. पण ते काम जातीने गळ्यात पडलेले असे. नको म्हणायची सोय नव्हती, आणि खालच्या मानलेल्या बलुतेदारांच्या वाट्याला अपमानही येई. म्हणजे तिकडे ॲशबीच्या कारागिराला स्वातंत्र्य होते पण भाकरीची शाश्वती नव्हती. इकडे बलुतेदाराला थोडी शाश्वती होती पण स्वातंत्र्य नव्हते. दोन्ही एकाच हाताला मिळाली, असे इतिहासात क्वचितच झाले.

शेवटी एका खुर्चीचे सांगतो. मॉरिसच्या कंपनीने १८६० च्या दशकात ससेक्स परगण्यातल्या खेड्यात चालणाऱ्या एका जुन्या खुर्चीवरून एक नमुना उचलला. बारीक गोल दांड्यांची चौकट, काळा हात दिलेला, बसायला लव्हाळ्याची वीण. वजनाला हलकी आणि काही शिलिंगांत मिळणारी. कंपनीच्या गालिच्यांना नि विणीव पडद्यांना जी घरे बंद होती, त्या घरांत ही खुर्ची गेली. शिक्षकांच्या, लेखकांच्या, चित्रकारांच्या बैठकीत गेली आणि कित्येक वर्षे कंपनीच्या यादीत टिकली. मॉरिसच्या साऱ्या मालात त्याच्या उपदेशाला सर्वांत जवळची वस्तू हीच. उपयोगी, देखणी आणि परवडणारी. तिचा मूळ आकार मॉरिसचा नव्हे, वेबचाही नव्हे. ससेक्समधल्या कुणा खेडवळ सुतारांनी पिढ्यान्‌पिढ्या बसून, मोडून, पुन्हा करून तो ठरवलेला होता. त्यांची नावे कुठल्याच प्रदर्शनाच्या सूचीत आली नाहीत.

तेव्हा श्रोतेहो, घरासाठी काही घ्यायला बाहेर पडाल, मग तो सावंतवाडीचा लाकडी पाट असो, हातमागाचा पडदा असो की नाक्यावरच्या सुताराकडचा स्टूल, तेव्हा भावाआधी एक प्रश्न विचारून बघा : हे कोणी केलं? दुकानदाराला नाव सांगता आलं, तर ते लक्षात ठेवा. नाही आलं, तर पुन्हा जाल तेव्हा परत विचारा. मग भाव करायला बसलात, तर त्या माणसाचे तासही हिशेबात धरा.